शहाण्णव मापटी

फार जुन्या काळी एका घरात तांदूळ मोजण्याचे पितळी मापटे होते. आपल्या चोख मापाचा त्याला मोठा अभिमान होता. एका वर्षी घरधनी अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या बायकोने, गिरिजेने, शेजारच्या भागीरथीकाकूंकडून बारा पायल्या तांदूळ उसने आणले. तेव्हापासून ती दोन्ही वेळा मापटे भरी, देवाचे नाव घेई आणि त्यातली एक मूठ कोपऱ्यातल्या रिकाम्या रांजणात टाकी.

मापट्याला ते जिव्हारी लागे. "रांजणदादा, माझे भरले माप रोज मोडते. अशा मुठींनी का कुठे ऋण फिटते?"

"मला नको विचारूस बाबा. मी आपला तोंड उघडे ठेवून बसलो आहे."

वर्ष उलटले. काकू पोती घेऊन आल्या. गिरिजा मापट्याने रांजणातले तांदूळ मोजू लागली. दहा झाली, पन्नास झाली, तरी तांदूळ संपेनात. मापटे थरारले. शहाण्णवावे माप पोत्यात पडले, तेव्हा बारा पायल्या पुऱ्या झाल्या आणि रांजणाचा तळ दिसला.

"फिटले हो, गिरिजे," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी गिरिजेने पुन्हा मूठ काढली.

"आता ही कोणासाठी?" रांजणाने विचारले.

"ते देव जाणे," मापटे हळूच म्हणाले. "पण ही काढल्यावाचून माझे माप पुरे होत नाही."