रांजणातले दगड

एकदा एका नदीच्या दोन्ही काठांवर द्राक्षांचे मळे होते. उगवतीच्या काठावर टेकडी होती आणि त्या टेकडीला मोठे नाव होते. मावळतीच्या काठावर नुसता कातळ होता. त्याला नाव द्यावे असे कुणाच्या मनातही आले नव्हते. टेकडीवरच्या द्राक्षांचे आसव, म्हणजे आज आपण ज्याला वाइन म्हणतो ते, राजाच्या पंगतीला जात असे. त्याच्या बुधल्यांवर लाखेची मुद्रा असे. ही मुद्रा कोण देई? टेकडीवरच्या मळेवाल्यांनीच नेमलेले पारखी. चव कशी असावी हे तेच ठरवीत, ती तशी आहे की नाही हे तेच तपाशीत, आणि नेमकी आपल्याच मळ्यात ती सापडली म्हणून दरवर्षी आश्चर्यही तेच व्यक्त करीत. अशी मंडळे तेव्हाही होती.

कातळावर एकाच जातीचा वेल तग धरी. त्याची द्राक्षे बारीक, जाड सालीची आणि इतकी काळी, की खाणाऱ्याची जीभ दिवसभर शाईत बुडवल्यासारखी दिसे. कातळावरचे लोक त्यांना काजळी म्हणत. टेकडीवरचे लोक काहीच म्हणत नसत. त्यांच्या लेखी ती पाखरांची सोय होती.

या काजळीचे आसव करणारा एकच वृद्ध कातळावर उरला होता. मोजकेच रांजण तो भरी, आणि त्यांची निगा तान्ह्या मुलासारखी राखी. त्याच्यापाशी एक शिष्य होता. शिष्य मूळचा कातळावरचाच; पण टेकडीवर आसवविद्या शिकून, तिथल्या सगळ्या गुरूंशी भांडून परतलेला. "आमच्या जिभेला काय रुचावं हे पलीकडच्यांनी का सांगायचं?" असे तो नदीकाठी उभा राहून, पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारी.

वृद्ध म्हणे, "घसा सुकला असेल तर पाणी पी, आणि रांजणातल्या साली दाबायला ये. फसफसून त्या वर आल्यात."

त्या वर्षी टेकडीवरच्या पारख्यांच्या मंडळाने फर्मान काढले. कातळावरची काजळी निकृष्ट आहे; ती उपटून तिथे टेकडीचा वेल लावावा, म्हणजे दोन्ही काठांना एकच चव येईल. न्यायाचा देखावा हवा, म्हणून एक सवलत ठेवली. मंडळाचा प्रमुख पारखी स्वतः येऊन काजळीचे आसव चाखील. ते त्याला पसंत पडले तर वेल राहतील. नाही पडले, तर सोबत कुऱ्हाडवाले असतीलच.

शिष्याच्या घरामागे त्याच्या आईने लावलेला वेल होता. आई गेल्यावर तिचे म्हणून तेवढेच उरले होते. फर्मान ऐकल्यापासून तो रोज सकाळी त्या वेलापाशी जाऊन उभा राही आणि मग तावातावाने कामाला लागे.

परीक्षेसाठी वृद्धाने एक रांजण निवडला. आता मातीचा रांजण श्वास घेतो, हे सांगायला हवे. आतले आसव हळूहळू उडत जाते, पातळी उतरते, गळ्याशी पोकळी पडते, आणि त्या पोकळीतली हवा आसव नासवते. टेकडीवर पोकळी पडली की दुसऱ्या रांजणातले ओतून ती भरीत. तिथे काही कमी नव्हते. वृद्ध निराळेच करी. वेलांच्या बुडाशी जाऊन तो मुठीएवढे काळे दगड वेची, घासून धुई, पाण्यात खळखळ उकळी, आणि निवले की एकेक करून अलगद रांजणात सोडी. आसव पुन्हा गळ्यापर्यंत चढे. मग तो झाकण मातीने लिंपून टाकी.

"बाबा, रांजणात दगड?" शिष्याने विचारले.

"मग काय घालू?"

"गेल्या वर्षीचं आसव उरलंय ना थोडं."

"ते गेल्या वर्षीचं. त्याने दुसराच उन्हाळा पाहिलाय."

"टेकडीवाल्यांना कळलं तर पोट धरून हसतील!"

"हसू देत की. हसताना तोंड उघडतं, आणि चाखायला तेच लागतं."

परीक्षेचा दिवस जवळ आला. झाकणे लिंपायची चिकणमाती संपत आली होती, म्हणून वृद्ध ती आणायला लांबच्या गावी गेला. जाताना त्याने एवढेच बजावले, "रांजण गळ्यापर्यंत भरलेला असू दे."

शिष्य एकटा राहिला. त्याने झाकण काढून एक घोट घेतला. टेकडीवर शिकताना उत्तम आसवाची जी विशेषणे त्याने घोकली होती, त्यांतले एकही या घोटाला लागू पडेना. ते मृदू नव्हते. फुलांचा गंध नव्हता. पळीने ढवळले तर तळातून दगडांचा आवाज आला. पारखी हे ओठांना लावील, भुवई उंचावेल, आणि मागून कुऱ्हाडी पुढे होतील, असे चित्र त्याला स्पष्ट दिसले.

त्याने दगड काढले. पातळी बरीच खाली गेली. मग नदी ओलांडून त्याने एका जुन्या सहाध्यायाला गाठले, आणि मुद्रा असलेले टेकडीचे उत्तम आसव बुधले भरभरून आणून रांजणात ओतले. आपण शत्रूवर त्याच्याच हत्याराने मात करतो आहोत, असे त्याने मनाला सांगितले. मनाने ते मान्यही केले. रांजण गळ्यापर्यंत भरला होता. म्हणजे गुरूची आज्ञाही मोडली नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी वृद्ध माती घेऊन परतला आणि त्याच्या पाठोपाठ पाहुणे आले. पुढे प्रमुख पारखी: किडकिडीत, मोजके बोलणारा, खांद्यावर पांढराशुभ्र रुमाल. त्याच्यासोबत टेकडीचे आसव देशोदेशी विकणारा गलेलठ्ठ व्यापारी. मागे कुऱ्हाडवाले.

"उरका लवकर," व्यापारी घाम पुसत म्हणाला. "इथं सावली म्हणून नाही. माणसं राहतात तरी कशी?"

पारख्याने घोट घेतला. तोंडात घोळवला. आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटले. "अरे! हे तर घरचंच वाटतं."

"टेकडीचा धाकटा भाऊच म्हणा!" व्यापारी पुढचा घोट घेत ओरडला. "थोडा रांगडा आहे, पण वळण चांगलं लागलंय. मारा मुद्रा!"

कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या. आईचा वेल वाचला होता.

तेवढ्यात वृद्धाने पळी उचलली आणि स्वतः घोट घेतला. पळी तळापर्यंत फिरवून पाहिली. मग त्याने फक्त विचारले, "दगड कुठे आहेत?"

प्रश्नाचा अर्थ एका शिष्याखेरीज कुणालाच कळला नाही. त्याने मान खाली घातली. "दाराआड. टोपलीत."

वृद्धाने मान हलवली आणि तो पारख्याकडे वळला. "महाराज, मुद्रा राहू द्या. हा रांजण माझा नाही."

"आजोबा, ऊन लागलं का तुम्हाला?" व्यापारी म्हणाला. "मुद्रा मिळतेय तुम्हाला!"

"मुद्रा तुमच्या आसवाला मिळतेय. त्याच्याकडे ती आधीच आहे."

शिष्याने धावत जाऊन वृद्धाचा हात धरला. "बाबा, काय करताय? वेल जातील!"

"जातील कदाचित," वृद्ध म्हणाला. तो हात सोडवून आत गेला आणि स्वतःपुरता राखलेला एक लहान रांजण कडेवर घेऊन आला. चालताना आत दगड एकमेकांवर आपटत होते.

"खुळखुळा आणलात?" व्यापारी खदखदून हसला. कुऱ्हाडवालेही हसले. हसता हसता व्यापाऱ्याच्या हातात पळी आली आणि त्याने ती तोंडाला लावली.

हसणे थांबले.

पारख्याने घोट घेतला. त्याच्या भुवया उंचावल्या नाहीत. त्याने डोळे मिटले आणि ते मिटलेलेच ठेवले. वारा वाहत होता, पाने हलत होती. अंगणातले एकही माणूस हलत नव्हते. कुणी न सांगता पळी या हातातून त्या हातात गेली. कुऱ्हाडवाल्यांनीही एकेक घोट घेतला, आणि त्यांतल्या एकाने, देवळात शिरताना काढावे तसे, डोक्याचे मुंडासे काढले.

पळी शिष्यापर्यंत आली. त्याने घोट घेतला, आणि या वेळी विशेषणे शोधायचे भान त्याला राहिले नाही. आधी करवंदाचा गडद तुरटपणा आला. मग उन्हाने तापलेला कातळ, त्याच्यावर ओंजळभर पाणी टाकल्यावर उठणारी वाफ. मग काहीतरी कडू, खोल, जुने. मुळे खडकाच्या भेगेत वितीवितीने उतरताना त्यांना जे भेटले असेल ते. आणि सगळे संपले असे वाटल्यावर, फार उशिरा, एक गोडी. जणू तिला वर यायला तेवढे अंतर लागले होते. तो याच जमिनीवर जन्मला होता, रोज तिच्यावरून अनवाणी चालला होता. ती आत एवढी खोल आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

पारख्याने डोळे उघडले. "मुद्रा देता येणार नाही," तो हळूच म्हणाला. शिष्याची नजर कुऱ्हाडींकडे गेली. "मुद्रा साम्याला देतात. आमच्याशी साम्य हवं. आणि हे..." त्याने व्यापाऱ्याकडे पाहिले. "तुम्ही जग हिंडलात. सांगा, हे कशासारखं आहे?"

व्यापाऱ्याने पळी पुन्हा एकदा जिभेला लावली. मग म्हणाला, "आठवत नाही. असं काही प्यायलोच नाही."

"निकृष्ट असेल तर तोडा, असं फर्मान आहे," पारखी कुऱ्हाडवाल्यांना म्हणाला. "तो शब्द माझ्या जिभेवर यायला तयार नाही. जा तुम्ही घरी." जाताना त्याने वृद्धाकडे रांजणातला एक दगड मागितला, आपल्या पांढऱ्याशुभ्र रुमालात गुंडाळला, आणि रुमालाला काळे डाग पडताहेत हे पाहूनही तो पुन्हा खांद्यावर टाकला.

अंगण रिकामे झाले. शिष्य बराच वेळ उंबऱ्यावर बसून होता.

"बाबा, रागवा तरी."

"कशाला? रांजण वाचवायलाच निघाला होतास तू." वृद्ध त्याच्या शेजारी बसला. "टेकडीशी तू रोज भांडायचास, आणि मला भीती वाटायची. कारण भांडताना मोजपट्टी तिचीच तुझ्या हातात असायची. घोट घेतलास, तो तिच्याच जिभेने. मग आपलं उणं दिसणारच. अरे, रांजण म्हटला की उणा पडणारच. उन्हाने, वाऱ्याने, काळाने. ती पोकळी भरायलाही हवी, नाहीतर आतलं सगळं नासतं. पण दुसऱ्याचं नावाजलेलं ओतून भरली, तर रांजण भरतो आणि आपण त्यातून निघून जातो. दगड आपल्याच जमिनीचा असतो. तो जागा घेतो, चव घेत नाही. आहे तेवढ्यालाच वर उचलून धरतो."

शिष्य उठला. लहान रांजणातले आसव पाहुण्यांनी बरेच संपवले होते. गळ्याशी मोठी पोकळी पडली होती. तो आपल्या घरामागे गेला, आईच्या वेलाच्या बुडाशी बसून त्याने काळे दगड वेचले, घासून धुतले, उकळून निववले, आणि एकेक करून रांजणात सोडू लागला. प्रत्येक दगडासरशी ते काळेभोर आसव थोडे थोडे वर येत होते. नदीपलीकडे टेकडी नेहमीसारखीच दिमाखात उभी होती. त्या दिवशी त्याचे तिच्याकडे पाहून ओरडायचे राहूनच गेले.

आपल्या मुलांच्या शाळा, आपली भाषा, आपले ताट. या रांजणांत गेली कित्येक वर्षे कुणी काय ओतले आहे, ते झाकण काढून आपणही एकदा चाखून पाहायला हरकत नाही.