खडपावरचं जातं

खारवणे गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेलं मोठं खडप आहे. एक साधुमहाराज गावात आले ते त्या खडकावर येऊन बसले, आणि तिथेच राहिले. खरं नाव कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लोक त्यांना खडपेमहाराज म्हणू लागले. पुढे टेकडीवर मठ झाला, तरी नाव तेच राहिलं.

त्या गावात धाकोजी तांडेल म्हणून एक नामांकित कोळी होता. मोठा मचवा, मोठा आवाज, आणि एके काळी भक्तीही तेवढीच मोठी! नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ त्याचाच. पण एका वर्षी नारळ वाहून तो घरी आला आणि चारच दिवसांत त्याचा एकुलता एक मुलगा म्हादू समुद्रात बुडाला. धाकोजीने देव्हारा रिकामा केला, देवांचे टाक टोपलीत भरले आणि खाडीत फेकून दिले. "आजपासून या घरात देवाचं नाव काढायचं नाही!" अशी ताकीद दिली.

म्हादूची विधवा बायको चांगुणा गरीब स्वभावाची. सासऱ्याचा शब्द मोडणं तिला जमेना, आणि ओवीशिवाय जातं ओढणंही जमेना. ओवी आली की देवाचं नाव आलंच. ती रडत महाराजांकडे गेली.

महाराज म्हणाले, "बाय, बंदी घरात आहे ना? मग जातं दर्यावर आण."

आणि काय सांगावं मंडळी, जात्याची वरची तळी महाराजांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली! खडपाच्या सपाटीवर जातं मांडलं. रोज पहाटे चांगुणा तिथे दळायला बसू लागली. कोळीवाडा हसून लोटपोट झाला.

सगळ्यांत जास्त हसला धाकोजी. "काय गं, पिठातून नवरा निघणार आहे का तुझा? आणि तुझ्या त्या बुवाला सांग, उद्या चूलपण पाण्यात मांड म्हणावं!"

चांगुणा मान खाली घालून गेली.

थंडीचे दिवस होते. एका पहाटे मासळी घेऊन धाकोजीचा मचवा परतत होता, तेवढ्यात दाट धुकं उतरलं. हाताला हात दिसेना. वारा पडला. नांगर टाकला, तर दोर कुठल्याशा खडकावर घासून तुटला. ओहोटीच्या ओढीने मचवा भरकटला. खलाशी ओरडले, "तांडेल, किनारा कुठल्या अंगाला?"

आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसाला सांगता येईना! खडकांवर लाट फुटल्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता. म्हादूचा मचवा अशाच खडकांवर फुटला होता.

आणि धुक्यातून घरघर ऐकू आली. जातं! त्यावर चांगुणेचा आवाज, स्वच्छ, जवळचा:

"देवा माझ्या दर्याराजा, किती मागू तुझ्यापाशी
माझ्या मामंजीची होडी, लागू दे रे किनाऱ्याशी"

धाकोजी हबकला. तो समजत होता, ही पोर मेलेल्या नवऱ्यासाठी गाते. ती तर रोज त्याच्यासाठी गात होती, ज्याने तिला पोटभर हिणवलं त्याच्यासाठी! त्याच्या डोळ्यांना धार लागली. "ओढा रे वल्ही! जात्याच्या रोखाने ओढा!" तो गरजला. आवाज धरून मचवा खडकांमधून अलगद वाळूवर आला. एकाही माणसाला खरचटलं नाही.

धाकोजी उडी टाकून खडपाकडे धावला. तिथे कोणी नव्हतं. जात्याभोवती ताज्या पिठाचा ढीग, हात लावला तर अजून गरम.

तो घरी पळाला. चांगुणा तापाने फणफणून घोंगडीखाली पडली होती, शेजारीण उशाशी बसली होती. "मामंजी," ती क्षीण आवाजात म्हणाली, "आज माझं दळण राहिलं हो. मला उठताच आलं नाही."

मग तो मठात गेला. काकडआरती नुकतीच संपत होती. महाराज पहाटेपासून जागचे हलले नव्हते, सारा गाव समोर होता.

धाकोजी दारातच उभा राहिला. मनात राग अजून होता. "महाराज, मला वाचवलंत. मग माझा म्हादू का नाही वाचला?"

महाराजांचे डोळे भरून आले. "त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही रे, लेकरा. तो बुडाला तेव्हा मीही रडलो. पण तुझ्या घरात तुझ्यासाठी मागणारं माणूस आहे, आणि ते ऐकणारा आहे. एवढं मला ठाऊक आहे."

असं म्हणून त्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला. तळव्यावर जात्याच्या खुंट्याचे ताजे फोड आले होते आणि नखांत पीठ होतं.

धाकोजीने ते पाहिलं मात्र, हंबरडा फोडून त्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. मठ जयजयकाराने दुमदुमला!

कोळीवाड्यात पुरुषमाणूस जात्याला हात लावत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर आलेल्या बायका बघतच राहिल्या. चांगुणेचा ताप अजून उतरला नव्हता, म्हणून धाकोजी तांडेल खडपावर एकटा बसला होता. त्याने आधी जात्यावर डोकं टेकवलं. मग खुंटा धरला आणि त्या दणदणीत, बेसूर आवाजात देवाचं नाव घेऊन सुनेच्या वाटचं दळण दळायला सुरुवात केली.