घडीतली पाहुणी

त्या देशात जन्माला येणाऱ्या प्रत्येकाला दोन शेजारी मिळत, आणि त्यांचे धरलेले हात मरेपर्यंत सुटत नसत. अशा हात धरून उभ्या असलेल्यांची एक लांबच लांब ओळ होती; टोकाच्या दोघांना तेवढा एकेकच शेजारी. ती ओळ म्हणजेच तो देश. वर आकाश नव्हतं, खाली जमीन नव्हती. सगळीकडे कोमट पाणी होतं आणि ओळ त्यात तरंगत होती.

प्रत्येकाला तिसराही एक हात असे, आणि तो मोकळा असे. कुणाचा लांब, कुणाचा आखूड, कुणाचा नुसताच मऊ गोळा. या तिसऱ्या हातांच्या ओढीने ओळ वळत, दुमडत गेली. ज्यांना पाण्याचा लळा होता ते बाहेरच्या अंगाला आले. त्यांना ओले म्हणत. ज्यांना पाणी सोसत नसे ते एकमेकांना बिलगून आत शिरले, ते कोरडे. कुणी कुणाला हुकूम केला नव्हता. झोपेत माणूस कुशीवर वळतो तशी ओळ वळली, आणि जाग आली तेव्हा घडी बसली होती.

घडीच्या एका बाजूला खोबण होती. पाण्यातून भटकणारे वाटसरू तिथे येऊन टेकत, आणि उठताना वेगळेच होऊन जात. शिणलेले ताजे होत. दोघे येत ते एक होऊन निघत. या खोबणीपायी देशाला मान होता. शिवाय एक धाकही होता. विस्कटलेल्या ओळी हुडकत एक पोकळ पिंप त्या पाण्यात फिरत असे. घडी शाबूत असेल तर ते शेजारून निघून जाई. ज्या ओळीची घडी मोडे ती त्याच्या तोंडात जाई आणि तुकडे होऊन बाहेर पडे.

घडीच्या अगदी गाभ्यात, कोरड्यांच्या दाटीत, दोन ओले राहून गेले होते. एक आर्जवी. तिचा तिसरा हात लांब होता आणि तो सतत काहीतरी मागत असल्यासारखा पुढे झालेला असे. दुसरा सौरस, आखूड हाताचा, कमी बोलणारा. ओळीत दोघांच्या जागा एकमेकांपासून फार दूर होत्या; घडी बसली तेव्हा समोरासमोर आले. पण हात पोचत नव्हते. मधे एक पोकळी होती, आणि त्या पोकळीत पाण्याचा एक थेंब होता.

घडी बसताना तो आत अडकला होता. आर्जवीने त्याला एका बाजूने धरलं, सौरसने दुसऱ्या. ती दोघं त्या थेंबाला पाहुणी म्हणत.

"तुला बाहेर जावंसं वाटतं का गं?" आर्जवी कधीकधी विचारी.

"बाहेर मी कोण होते ते आठवत नाही," पाहुणी म्हणे. "इथे निदान दोघांच्या मधली आहे."

 सौरस हात थोडा घट्ट करी, इतकंच.

मग पाणी तापू लागलं. का ते कुणालाच कळलं नाही. आधी बाहेरच्या ओल्यांना ऊब जाणवली, नंतर ती आत झिरपली आणि घडीला बारीक कंप सुटला. खोबणीत बसलेले वाटसरू दचकून उठू लागले. दूरवर ते पिंप दिसलं म्हणून कुणी सांगितलं, आणि ती बातमी एका हातातून दुसऱ्या हातात जात ओळभर पसरली.

कोरड्यांमध्ये वल्लभ सगळ्यात वडीलधारा. रुंद पाठीचा, तिसरा हात आखडून घेतलेला. आपण सगळ्यांना आतून सावरून धरलं आहे असं त्याला वाटे, आणि ते खोटंही नव्हतं. तो म्हणाला, "कोण कुणाला धरून आहे हे आपल्याला ठाऊकच नाही. ते आधी बघू. शेजारी सोडून जो कुणालाच धरून नाही तो ढिला. कंप तिथूनच येतोय."

त्यासाठी मापारी आला. मापारी म्हणजे एक किरण. ओळीतल्या कुणाला जागचं हलता येत नसे, पण तो सगळ्यांच्या आरपार जाई आणि कुणाला लागत नसे. मोजण्यासाठी त्याला दोरीसुद्धा लागत नसे. एकापासून दुसऱ्यापर्यंत तो स्वतःच ताणून उभा राही. दोघांमधलं अंतर हातभराच्या आत भरलं तर तो म्हणे, "स्पर्श आहे." जास्त भरलं तर म्हणे, "नाही."

त्या मोजणीचे दिवस देशाला फार गोड गेले. ओळीच्या सुरुवातीला उभा असलेला एक म्हातारा जन्मभर स्वतःला एकटा समजत होता. मापारी त्याच्या पाठीमागे ताणला गेला आणि म्हणाला, "तुमच्या पाठीला पाठ लावून ओळीच्या शेवटची एक बाई उभी आहे. घडी बसल्यापासून."

"माझ्या पाठीला?" म्हातारा म्हणाला. "मला वाटायचं ती माझीच ऊब."

पलीकडून ती बाई हसली. तिलाही तसंच वाटत आलं होतं.

असं जागोजागी झालं. कधी न भेटलेल्यांना कळलं की आपण एकमेकांना टेकून जगतो आहोत. माणसं हळवी झाली. मापारी जाईल तिथे लोक त्याला थोडं थांबायला सांगत. कुणाला काही चांगलं सांगता येण्याचं सुख त्यालाही नवं होतं, आणि तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवू लागला.

अशा आनंदात तो गाभ्यातल्या पोकळीपाशी आला. आर्जवीपासून सौरसपर्यंत ताणला गेला. अंतर जास्त भरलं. तो पुन्हा ताणला गेला. तेवढंच.

"तुमचा एकमेकांना स्पर्श नाही," तो ओशाळून म्हणाला.

"नाहीच," आर्जवी म्हणाली. "आम्हाला हिचा आहे."

मापारीने थेंबाकडे पाहिलं. "ओळीत हिची जागा कुठली?"

"कुठलीच नाही. ती पाहुणी आहे."

"मग मी कुठून कुठपर्यंत मोजू?" मापारीने विचारलं, आणि त्याला खरंच ते कळत नव्हतं. त्याला ओळीतल्या एकापासून ओळीतल्या दुसऱ्यापर्यंत मोजायला सांगितलं होतं.

मागून वल्लभचा आवाज आला. "पाणी? आपल्या घरात, इतकं आत?"  घडी बसल्यापासून आपण पाण्यापासून दूर आहोत या एका भरवशावर तो आजवर निवांत होता. "म्हणजे हे दोघे कुणालाच धरून नाहीत, आणि मधे हे परकं बसलंय. आणखी काय शोधायचं राहिलं?"

"वल्लभकाका, तिला काढू नका," आर्जवी म्हणाली. "तिचा कुणाला त्रास नाही. मापारीदादा, तुम्ही तरी सांगा."

"जे भरलं ते मी सांगितलं," मापारी म्हणाला. 

"मी जाते," पाहुणी म्हणाली. "माझ्यावरून घरात वाद नको." मग सौरसकडे वळून ती म्हणाली, "तू सोड आधी. आर्जवीच्याने होणार नाही."

सौरसने हात सोडला. पाण्याची एक संथ लाट आली, वल्लभ जरासा कलला, फट पडली. थेंब आर्जवीच्या हातून, त्या फटीतून निसटला आणि बाहेरच्या अथांग पाण्यात कुठे मिसळला ते कुणाला दिसलं नाही.

थोडा वेळ कंप थांबल्यासारखा वाटला. वल्लभने निःश्वास टाकला.

आर्जवीचा हात मात्र पुढेच राहिला होता. तिथे आता काही नव्हतं. तो लांब हात सौरसकडे जाऊ लागला, आणि पोचण्यासाठी ती तसूभर पुढे झुकली. ती झुकली तसे तिचे धरलेले हात ओढले गेले आणि दोन्हीकडचे शेजारी वाकले. त्यांनी आपले शेजारी वाकवले. समोर सौरसचंही तेच झालं. कोरडे रिकाम्या पोकळीत घसरले आणि एकमेकांवर रेलले. ते घसरल्यावर त्यांच्यावर टेकलेले बाहेरचे ओले सैल पडले. ओळीच्या सुरुवातीचा तो म्हातारा ओरडला, "अगं, तू कुठे गेलीस? माझी पाठ गार पडलीय." पलीकडून उत्तर आलं ते फार लांबून आल्यासारखं होतं.

खोबणीचं तोंड वाकडं झालं. एक शिणलेला वाटसरू आला, टेकायला जागा शोधली, आणि सापडेना तेव्हा तसाच निघून गेला.

पिंप आता जवळ होतं. त्याचं काळं, गोल तोंड ओळीच्या शेवटच्या बाईला दिसत होतं. ते घाई करत नव्हतं.

मापारी पुन्हा सगळ्या घडीतून फिरला. जिथे जिथे त्याने स्पर्श सांगितला होता तिथे आता अंतर भरत होतं. एकेकाच्या विचारणाऱ्या तोंडाकडे पाहून त्याला "नाही" म्हणावं लागत होतं. शेवटी तो वल्लभपाशी येऊन थांबला.

"वल्लभकाका, चूक माझी झाली. मी दोघांमधलं अंतर मोजलं. त्यात काय होतं ते मोजलं नाही. तिला परत आणायला हवं."

"ती आता कुठे सापडणार?"

"सापडणार नाही. पण पाणी आत यायला वाट तरी हवी. सगळे घसरून फट बुजलीय, आणि त्या फटीवर तुम्ही आहात."

वल्लभला त्याचा अर्थ कळला. वाट द्यायची तर त्याला वळून पाठ बाहेर करावी लागणार होती. त्या रुंद पाठीला जन्मात पाणी लागलेलं नाही अशी त्याची खात्री होती. आजूबाजूच्या कोरड्यांनी डोळे मिटून घेतले.

"फार झोंबतं का गं?" त्याने हळूच विचारलं.

हे त्याने आर्जवीला विचारलं होतं. तिने अजून हात खाली घेतला नव्हता. "आधी झोंबतं," ती म्हणाली. "मग नाही."

वल्लभने शेजाऱ्यांचे हात घट्ट धरले आणि तो वळला. पाणी त्याच्या पाठीवर आदळलं. तो ओरडला नाही. त्याचं सगळं अंग मात्र पिळवटून निघालं. त्याच्या बगलेखालून पाणी आत शिरलं, एकामागून एक थेंब पोकळीतून वाहत गेले, कुणी थांबेना. आर्जवी प्रत्येकाला विचारत होती, "पाहुणी? तू का?" काहींना ऐकूच आलं नाही. काही हसून पुढे गेले.

मग एक थेंब तिच्या हाताशी घुटमळला.

"मी ती नाही," तो म्हणाला. "तुम्ही जिला हाक मारताय ती मला माहीतही नाही."

आर्जवीचा चेहरा उतरला. एवढा वेळ गप्प असलेला सौरस तेव्हा बोलला.

"असू दे," तो म्हणाला. "हात दे."

थेंबाने एक हात सौरसला दिला. दुसरा आर्जवीने घेतला, आणि घेताना ती रडली. तिने पुढे झुकणं सोडलं आणि ती मागे सरली. तिचे शेजारी सरळ झाले, मग त्यांचे. ओळीच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "आलीस?" आणि कुणीतरी म्हणालं, "आले." खोबणीच्या तोंडाशी एक वाटसरू येऊन बसला. पिंप थोडं रेंगाळलं, मग आपलं काळं तोंड फिरवून दुसरीकडे निघालं.

राहिला होता फक्त वल्लभ. तो ओलाचिंब झाला होता. सावकाश मागे सरत तो आपल्या जुन्या जागी बसू लागला. तो वळला तेव्हा मापारीने त्याची पाठ प्रथमच नीट पाहिली. त्या रुंद पाठीच्या मधोमध एक खळगा होता, गोल आणि गुळगुळीत, वर्षानुवर्षं कशाला तरी टेकून राहिल्यावर पडतो तसा. वल्लभ मागे टेकला, आणि तो नवा थेंब त्या खळग्यात अलगद बसला.