वडाचा अर्ज

प्राणी कचेऱ्या चालवत होते, तेव्हाची ही गोष्ट. पाणवठा खात्याच्या गवासाहेबांनी एकदा हुकूम काढला, "जंगल वाचवायचं आहे. आजपासून कागद बंद!"

मग कारकून साळिंदर कचेरीवर सावली धरणाऱ्या वडाची पानं तोडून त्यांवर लिहू लागला. प्रत्येक हुकमाच्या तीन प्रती, कारण नियम म्हणजे नियम. महिन्याभरात वड बोडका झाला आणि खात्याला कागद वाचवल्याबद्दल ढाल मिळाली.

"साहेब, हे थांबवा हो," वड कळवळून म्हणाला.

उन्हात घामाघूम झालेले गवासाहेब म्हणाले, "तक्रार अगदी रास्त आहे. लेखी द्या, तीन प्रतींत."

वडाकडे दोनच पानं उरली होती. साळिंदराने ती मोजून परत केली.

"एक कमी आहे. पालवी फुटली की या."