गोमाने फोडलेला बांध

फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या काठी दोन वाड्या होत्या, एक कोळ्यांची आणि एक शेतकऱ्यांची. मधल्या दलदलीत भरतीच्या खाऱ्या पाण्यावर वाढणाऱ्या तिवरांचं दाट रान होतं. दोन्ही वाड्यांनी ते सरपणासाठी तोडलं. मग गोमा नावाच्या शेतकऱ्याच्या बापाने बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि तिथे भातशेती केली. काही वर्षं ती पिकली. पुढे जमीन मिठाने पांढरी पडली. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढत. ती मुळंच गेल्याने मासळीही आटली. दोन्ही वाड्या एकमेकींना दोष देत राहिल्या.

पोशी नावाच्या कोळणीने तिथे तिवराची रोपं लावून पाहिली. भरतीच्या पाण्याविना ती वाळली.

लोक म्हणाले, "पाटलाला सांगू. तो हुकूम देऊन बांध फोडायला लावेल."

"हुकमाने फुटलेला बांध गोमा परत घालेल," पोशी म्हणाली. "मीच बोलते त्याच्याशी."

ती गोमाकडे गेली. "दादा, बांधालगतच्या खालच्या शेतात यंदा काय आलं?"

"काही नाही."

"मग पाण्याला वाट दे."

"पाणी वरच्या शेतात शिरलं तर माझी पोरं काय खातील?"

"वरच्या शेताला आम्ही कोळी नवा बांध घालून देऊ."

गोमाने दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. कोळी कामाला लागले. पण रोपं लावायचे दिवस सरत चालले होते. म्हणून नवा बांध अर्धाच असताना गोमाने स्वतः कुदळ घेऊन जुना बांध फोडला. त्याने आणि पोशीने मिळून चिखलात रोपं लावली.

तेवढ्यात होड्या समुद्रात लोटायचा मुहूर्त आला. पाठोपाठ पौर्णिमेचं उधाण येणार होतं.

"पावसाळाभर घरात कमाई नाही," कोळी म्हणाले. "आधी मासळी आणू, बांध मग बघू."

"गोमाने आपल्या शब्दावर बांध फोडलाय," पोशी म्हणाली. "उधाणाने त्याचं शेत गेलं, तर परत कोण आपल्यावर विश्वास ठेवील? मी तर मातीच वाहणार."

ती घमेलं उचलून निघाली. थोड्या वेळाने एक कोळी मागे आला, मग आणखी चार, मग सगळेच. ते पाहून शेतकरीही फावडी घेऊन आले. उधाणाचं पाणी नव्या बांधाला लागलं आणि तिथेच थांबलं.

काही वर्षांत रान उभं राहिलं. त्यात माशांची पिल्लं दिसू लागली. एकदा मोठं वादळ आलं, तेव्हा लाटा तिवरांत विरल्या आणि गोमाचं भात वाचलं.

पुढच्या पावसाळ्यात पोशी उरलेल्या चिखलात रोपं लावायला गेली, तर शेतकरी तिच्याआधीच तिथे वाकून काम करत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

तात्पर्य: सगळ्यांनी मिळून बिघडवलेलं सगळ्यांनी मिळूनच सावरता येतं, आणि त्यासाठी हुकमापेक्षा पाळलेला शब्द जास्त उपयोगी पडतो.