पलीकडच्या काठाने ठेवलेले नाव

एकदा एक शिष्य बारा वर्षांचे काम पाठीवर बांधून आपल्या आचार्यांपुढे आला. काम म्हणजे एक जाडजूड पोथी. राज्यात कोणकोणते लोक नांदतात, त्यांना काय म्हणतात, त्यांच्या भाषेला काय म्हणतात, हे सगळे त्याने गावोगाव पायपीट करून टिपले होते. आठ दिवसांनी ही पोथी राजसभेत वाचली जायची होती. त्यानंतर प्रत्येक आज्ञापत्रात आणि जमिनीच्या प्रत्येक पट्ट्यात लोकांची नावे पोथीप्रमाणेच पडणार होती. शिष्याचे नाव नीलकंठ. राजपंडिताची शाल त्यालाच मिळणार, हे सगळे गाव धरून चालले होते. फक्त आचार्यांची मुद्रा तेवढी उमटायची राहिली होती.

आचार्यांनी पोथी हातातसुद्धा घेतली नाही. त्यांनी विचारले, "तीन वर्षांपूर्वी डोंगरात तुला ताप आला होता. कोणी जगवलं तुला?"

"एका झिमोरी बाईनं. त्या लोकांवर मी अख्खं पान लिहिलंय, आचार्य. फार गौरवानं लिहिलंय."

"मग चल. ते पान तिच्या अंगणात वाच. मुद्रा तिथंच उमटवीन."

नीलकंठ बुचकळ्यात पडला. बाई निरक्षर, तिला पोथीतले काय कळणार? आणि सत्तरी ओलांडलेले आचार्य दोन दिवसांचा चढ चढणार? पण गुरूपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. निघाले दोघे.

बाईने त्याला लांबूनच ओळखले. "नीलकंठा, किती रे रोडावलास!" असे म्हणत तिने दोघांना पाय धुवायला पाणी दिले आणि नाचणीची गरम पेज पुढे ठेवली. ती आठवडी बाजाराला खाली उतरत असे, म्हणून तिला सपाटीवरची भाषा चांगली येई. शेजारपाजारचेही जमले. नीलकंठाने घसा खाकरला आणि मोठ्या हौसेने वाचायला सुरुवात केली, "झिमोरी हे डोंगरकपारीत राहणारे लोक. यांची भाषा झिमोरी. झिमोरी स्वभावाने अत्यंत दयाळू..."

पुढचे वाचायचे राहूनच गेले. एक म्हातारा ताडकन उठून चालता झाला. बायकांनी आपापली पोरे ओढत घरात नेली. आणि सात दिवस उशाशी बसून जिने त्याला घोट घोट पेज भरवली होती, त्याच बाईने त्याच्या पुढ्यातला वाडगा उचलून घेतला.

"काय झालं, मावशी? काही चुकलं का?"

"हा शब्द तुला कोणी सांगितला?"

"नदीअलीकडच्या गावानं. पलीकडं कोण राहतं म्हणून विचारलं, त्यांनी सांगितलं."

"त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ काय, ते नाही विचारलंस?"

नाही विचारले. बारा वर्षांत त्याला ते सुचलेही नव्हते.

"उष्ट्यावर जगणारे," बाई म्हणाली. "आमच्या आज्या दुष्काळात खाली उतरल्या आणि त्यांच्या पंगतीबाहेर हात पसरून उभ्या राहिल्या. तेव्हापासून म्हणतात. बाजारात तोंडावर म्हणतात. आता राजाही म्हणणार होय?"

नीलकंठाच्या पायाखालची जमीनच सरकली. अरे देवा! हा शब्द तो पाठशाळेत मुलांना शिकवत होता. या बाईची आठवण काढून हात जोडायचा, तेव्हाही हाच शब्द त्याच्या तोंडी असायचा. त्याला स्वतःचीच किळस आली.

"मग... मग तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"आम्ही? माणसं म्हणतो. आणि आमच्या भाषेला बोलणं. दुसरं काय म्हणणार?"

"आणि आम्हाला?"

बाई उचललेला वाडगा विसळायला वळली. तेव्हा आचार्य म्हणाले, "सांगा, बाई. त्यानं ऐकायलाच हवं."

"हुंबाक," ती म्हणाली. "म्हणजे पोरं पळवणारे. माझ्या खापरपणजीच्या वेळी तुमचे शिपाई आले आणि वेठीला म्हणून पोरं धरून घेऊन गेले. एकही परत आलं नाही."

"पण मी कुणाचं पोर... मी तापात पडलो होतो, तेव्हा मलाही हुंबाक म्हणत होतीस?"

"छे रे. तू शुद्धीवर आलास तसं आधी तुझं नाव विचारलं. तू सांगितलंस, तेच पुकारत आले."

दोघे डोंगर उतरू लागले. वाटेत आचार्य म्हणाले, "तू लबाडी केली नाहीस, मला ठाऊक आहे. पण प्रत्येक गावात तू पलीकडच्यांची चौकशी केलीस. पलीकडचा जे नाव सांगतो त्यात त्याची भीती असते, जुनं भांडण असतं, कधी नुसती टवाळी असते. तेही टिपावं, कोण म्हणतं ते लिहून टिपावं. पण त्या बाईनं एका परक्या आजाऱ्याला जे विचारलं, ते तू या पोथीतल्या एकाही माणसाला विचारलेलं नाहीस. मुद्रा माझ्या झोळीत आहे. हवी असेल तर माग."

नीलकंठाने मागितली नाही.

सभेचा दिवस उजाडला. तबकात शाल घडी करून ठेवलेली होती. नीलकंठ उभा राहिला आणि त्याने पोथी न उघडताच सांगितले, "सपाटीवर आणि या राजधानीत राहणारे आपण सगळे हुंबाक. अर्थ, पोरं पळवणारे. आपली भाषा हुंबाकी. महाराज, पट्ट्यांवर असंच लिहावं."

सभेत एकच गिल्ला झाला. सेनापतीचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. प्रधान तर लालबुंद होऊन ओरडला, "कोण म्हणतं असं?"

"नदीपलीकडचे लोक."

"त्यांना काय अधिकार? आम्ही कोण, ते आम्हाला विचारायला नको?"

"विचारायला हवं होतं, प्रधानजी," नीलकंठ म्हणाला. "मी बारा वर्षांत कोणालाच विचारलं नाही. या पोथीतलं एकूण एक नाव शेजाऱ्याकडून आणलेलं आहे. ती आज वाचली, तर तुम्हाला आत्ता जे वाटलं ते तिकडे घरोघरी वाटेल, आणि पिढ्यान् पिढ्या वाटत राहील."

प्रधान हळूच खाली बसला. राजाने शालीचे तबक बाजूला ठेवायला सांगितले आणि एवढेच विचारले, "पुन्हा सुरुवात कुठून करणार?"

"त्या डोंगरावरून, महाराज. तिथं आधी माफी मागायची आहे."

आपल्या तोंडी रोज असलेली अशी नावे किती, हे ज्याने त्याने घरी जाऊन आठवून पाहावे.