सरड्याच्या डोळ्याला तीट

रानात वडाखाली शाळा भरायची आणि बगळे सर तिचे मुख्याध्यापक होते, त्या काळची ही गोष्ट. मुलांचे डबे चोरीला जाऊ लागले, म्हणून सरांनी नजर ठेवायला सरड्याला फांदीवर बसवलं. त्याचा एक डोळा डब्यांकडे असे, दुसरा करवंदीच्या जाळीकडे.

डबे चोरणारा उंदीर त्याच दिवशी सापडला. पण जाळीमागे मोराचं पिल्लू आपली झडलेली पिसं लपवत होतं, तेही सरड्यानं पाहिलं आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगून टाकलं. त्यानंतर पिल्लू शाळेत येईना.

लांडोर काजळाची डबी घेऊन तावातावानं आली. "माझ्या लेकराला नजर लागली, सर."

"अहो बाई, तो नुसता पाहतो," सर म्हणाले. "लेकराला तीट लावा म्हणजे झालं."

"लेकराला कशाला? जिथून नजर लागते तिथंच लावते," असं म्हणत तिनं सरड्याचा जाळीकडचा डोळा काजळानं माखला.

सर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, त्या दुसऱ्या डोळ्यालाही जरा लावता का? दुपारी मी डुलकी काढतो, तेव्हा तो माझ्याकडे वळतो."

"नुसता पाहतो की, सर," लांडोर म्हणाली आणि तिनं डबीचं झाकण लावलं.